लाम शेक स्टेशनातला गोल खांब

बसा. असे भिंतीकडे सरका, दारातून पाण्याचे फवारे येताहेत. काळ्या पावसाचा, म्हणजे सगळ्यात जोराच्या पावसाचा, इशारा लागला की या चहाच्या दुकानात निम्मं लाम शेक येऊन बसतं, त्यामुळे टेबल मिळालं हे नशीबच म्हणायचं. छत्री असूनही तुम्ही चिंब भिजलात. पुसून घ्या. मालक तोंडाचा फाटका आहे, पण मागितला तर पंचा देतो.

खाली स्टेशनात त्या गोल खांबाला कान लावून तुम्ही उभे होतात, ते मी पाहिलं. बाकीचे खांब चौकोनी आणि हा एकच गोल का, असं तुम्ही मला विचारलंत आणि उत्तराची वाट न बघता जिना चढून आलात. मीही तुमच्या मागोमाग आले. त्या स्टेशनाच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे आहे, तेव्हा माझ्यापेक्षा चांगलं उत्तर तुम्हाला कुणी देणार नाही. मी सिन कित-यिंग. आणि पाऊस काही इतक्यात हलत नाही.

आमच्या या बेटावर प्रत्येक स्टेशनाच्या भिंतीला आपापला रंग आहे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही डब्यातून बाहेर बघून कुठे उतरायचं ते कळावं, म्हणून. लाम शेकच्या वाट्याला जांभळा आला. लहान लहान चौकोनी टाइलींचा, पिकल्या फळासारखा. लोक म्हणतात छान आहे. मला तो मुका मार लागल्यावर दोन दिवसांनी कातडीवर उमटतो तसा दिसतो, पण ते माझं मत.

या डोंगराच्या पोटात पूर्वी दगडाची खाण होती. स्टेशन बांधताना इथे खांब आधी झाले आणि दालन नंतर. म्हणजे असं, की वरच्या रस्त्यावरून खोल विहिरी खणायच्या, त्या काँक्रीटने भरायच्या, आणि मग त्यांच्या भोवतीची माती उपसून काढायची. माती गेली की खांब उघडे पडतात आणि मधल्या पोकळीला तिकीटघर म्हणतात. या चढावरच्या गल्ल्यांत यंत्रं शिरत नव्हती. म्हणून माणसं शिरली. नवराबायकोच्या जोड्या. नवरा विहिरीच्या तळाशी पहार घेऊन, बायको वर रहाटावर. ठेकेदारांना जोडीच हवी असे. परका माणूस दोर सोडून विडी ओढायला जाईल, बायको जाणार नाही, असा त्यांचा विश्वास होता.

माझे आईबाबा अशीच एक जोडी. हा गोल खांब म्हणजे त्यांची विहीर. मध्ये मोठा धोंडा लागला म्हणून ती ओळ सोडून खणली, आणि पुढे नकाशा बदलला तेव्हा वरचा भार बाजूच्या तुळयांवर गेला. बाकीच्या खांबांना भार पेलायला चौकोनी कवच चढलं, हा मात्र बिनभाराचा, विहिरीसारखा गोलच उभा राहिला. सकाळच्या गर्दीत माणसं त्याच्यावर आदळतात, शिवी हासडतात आणि वळसा घालून जातात.

विहिरीचे काही नेम होते. तळाशी पाणी उपसायच्या पंपाची घरघर असायची, बोललेलं वर ऐकू येत नसे, म्हणून पहारीने त्याच्या लोखंडी नळावर ठोकायचं. एक ठोका म्हणजे बादली ओढ. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे मला वर घे. आणि सगळ्यात मोठा नेम, विहिरीत माणसाचं खरं नाव घेऊन हाक मारायची नाही. खाली जमिनीत काय काय असतं कोण जाणे, त्याने नाव ऐकलं तर तेच ओ देतं. म्हणून विहिरीपुरतं एक वाकडं नाव असायचं. माझी आई बाबांना रेड्या म्हणायची.

लहानपणी मला ही गंमत वाटे. आमच्या घरात माझी खाट फळकुटाच्या आडोशाला होती. पलीकडून बाबा दोनदा ठोकायचे, म्हणजे थांब, झोपू नकोस, गोष्ट येतेय. मी तीनदा ठोकायचे आणि ते मला उचलून घ्यायचे. माझा बाप फार मायाळू माणूस. शाळेबाहेर छत्री घेऊन उभे राहायचे आणि अख्खी छत्री माझ्या डोक्यावर धरायचे. घरी आल्यावर आई माझे केस खसाखसा पुसायची. बाबांचे कधी पुसावे लागल्याचं मला आठवत नाही.

आईचं तोंड मात्र निराळं. ती 'जेव' म्हणत नसे, 'गिळ' म्हणे. 'भवाने, गिळलंस का?' ही तिची माया. शेजारणी म्हणायच्या, कम-तैच्या जिभेवर मिरची वाटता येईल. बाबा नुसते हसायचे आणि माशाच्या गालाचा मऊ तुकडा तिच्या वाडग्यात ठेवायचे.

आणखी एक. बाबांच्या वेळचे विहीर खणणारे बहुतेक सगळे खोकून खोकून मेले. दगडाची धूळ छातीत भरून. बाबांच्या छातीचा फोटो काढला तेव्हा डॉक्टर म्हणाला, 'काका, तुम्ही विहिरी खणल्यात असं म्हणता, पण ही फुप्फुसं तर तान्ह्या पोराची आहेत.' आम्ही त्या आनंदात भाजलेलं बदक आणलं. आईने एक घास खाल्ला नाही.

गेल्या वसंतात दुरुस्तीचं ठरलं. म्हातारी माणसं आणि चाकाच्या खुर्च्या यांच्यासाठी लिफ्ट हवी होती, जागा अरुंद, आणि गोल खांब बिनकामाचा. मीच म्हटलं, काढून टाकू. काढण्याआधी जुन्या कामगारांचे चार फोटो दालनात लावायचे होते. माझ्या मनात आलं, आईला त्या खांबाशेजारी उभं करावं. एवढंच काम होतं माझं त्या दिवशी.

स्टेशन आमच्या इमारतीच्या पायथ्याशी आहे. बाबा रोज दुपारी तिथल्या गारव्याला जाऊन बसतात. आई मात्र उभ्या जन्मात तो जिना उतरली नव्हती. बाजाराला जायचं तरी भर उन्हात बससाठी तिष्ठत राहील, पण खाली जाणार नाही.

"जमिनीखाली जायला मी अजून मेलेली नाही," ती म्हणाली.

"आई, एक फोटो काढायचा फक्त. पुढच्या महिन्यात तो खांब तोडणार आहेत."

ती शेंगा सोलत होती. हात थांबला.

"कुणी ठरवलं?"

"मी."

तिने शेंगांची सुपली बाजूला ठेवली, कापडी चपला घातल्या आणि माझ्या आधी दाराबाहेर पडली.

ते दिवस दमटपणाचे होते. दक्षिणेचा वारा येतो आणि गावातल्या सगळ्या भिंतींना घाम फुटतो, ते तुम्हाला माहीतच आहे. पण लाम शेकचा गोल खांब बारा महिने घामेजतो. ऐन थंडीत, हवा कोरडी ठणठणीत असतानाही. टाइलींच्या फटी काळ्या पडलेल्या, आणि जवळ गेलं की ओल्या मातीचा, गंजल्या लोखंडाचा वास. इंजिनियर म्हणतात, जमिनीतलं पाणी. झाडलोट करणाऱ्या लो काकू काही म्हणत नाहीत. त्या रोज सकाळी खांबाच्या मागच्या बाजूला, कुणाच्या नजरेत येणार नाही असं, पितरांपुढे ठेवतात तसं एक संत्रं ठेवतात.

आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. शाळा सुटलेली पोरं, पिशव्या घेतलेल्या बायका, लखलखीत उजेड. भीती वाटावी असं तिथे काहीही नव्हतं. आई खांबासमोर उभी राहिली. मी फोन वर धरला. तिने हळूच आपला तळहात ओल्या टाइलीवर टेकवला.

आतून ठोका आला.

पायाखालून गाडी जाते तेव्हा जमीन थरथरते, तसलं काही नव्हतं. लोखंडावर लोखंड. दूर, जाड काँक्रीटमधून गाळून आलेलं. एक... दोन... तीन. मग श्वास घ्यावा तेवढी उसंत. पुन्हा एक... दोन... तीन. फळकुटाआड झोपलेल्या पोरीला ती भाषा येत होती. मला वर घे.

"अजून?" आई म्हणाली. मला नाही, खांबाला.

मी तिला जिन्याच्या कडेला बसवलं. लो काकूंनी पाणी आणून दिलं, आमच्याकडे पाहिलं आणि बादली उचलून निघून गेल्या. त्यानंतर आईने जे सांगितलं ते ती माझ्याकडे न बघता सांगत होती, खालच्या आवाजात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांकडे बघत.

"तुझ्या आधी एक मूल होतं. त्याने लाथेने घालवलं. दोराच्या टोकाने मारायचा मला, ओला करून. ओला दोर जास्त लागतो."

"कोण? बाबा?"

"बाबा नाही. तो." तिने हनुवटीने खांब दाखवला. "त्या दिवशी तळाशी पाणी फुटलं. वरचा रस्ता खचायला लागला. मुकादम नवीन होता. घाबरला, काठावर ओणवा झाला आणि पूर्ण नाव घेऊन ओरडला. सिन पाक-हेई, वर ये. मी त्याचं तोंड दाबायला धावले, पण उशीर झाला. खालून ओ आली."

"बाबांनीच दिली असेल ना."

"आवाज त्याचाच. पण माझा नवरा एका हाकेला ओ देणारा नव्हता." ती थांबली. "मी रहाट फिरवला. हलका... रिकामी बादली ओढावी तसा. आणि वर आला तो. खाली छातीभर पाणी होतं, यिंग. याच्या अंगावर थेंब नाही. केस कोरडे. नखांत माती नाही. माझ्याकडे बघून म्हणाला..."

"काय म्हणाला?"

"जेवलीस का, म्हणाला."

एक पोरगी आईसक्रीम चाटत आमच्यासमोरून गेली. आई तिच्याकडे बघत राहिली.

"इतक्या वर्षांच्या संसारात त्या माणसाने मला कधी जेवलीस का विचारलं नव्हतं. मी बघतच राहिले. आणि खालून ठोके सुरू झाले. तीन. पुन्हा तीन. मुकादम म्हणाला, खाली कुणी आहे का? मी म्हटलं, दगड घरंगळताहेत. रस्ता बसत चालला होता, त्याला विहीर बुजवायची घाई. काँक्रीट तयारच होतं. ओतलं."

"आई... तो ठोकत होता आणि तू..."

"मी याला घेऊन घरी गेले. वाटेत याने माझ्या खांद्यावरचा दोर स्वतःच्या खांद्यावर घेतला." तिने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. "मला वाटलं होतं, दोन दिवस ठोकेल. चार दिवस ठोकेल. मग मी खाली कधी आलेच नाही. म्हटलं, बंद झालं असेल."

मी आईवर विश्वास ठेवला का? ठोके ऐकले नसते तर तिला डॉक्टरकडे नेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाबांच्या मागे गेले. गुपचूप नाही, लपायची सवय मला नाही. ते बाकावर बसतात असं मला वाटत होतं. बाबा बाकावर नव्हते. खांबाच्या मागच्या बाजूला, संत्र्याशेजारी, खांद्याने खांबाला टेकून उभे होते. म्हातारे लोक बसथांब्यावर उभे असतात तसे, निवांत. आतले ठोके चालू होते. बाबांनी थोडा वेळ ऐकलं. मान किंचित कलती करून, चवीने. मग मधल्या बोटाचं पेर वाकवलं आणि टाइलीवर ठोकलं.

दोनदा. थांब.

आतले ठोके त्याच क्षणी थांबले. आज्ञाधारक पोरासारखे.

"बघ, ऐकतो," मला पाहून बाबा म्हणाले. चेहऱ्यावर तेच हसू, शाळेबाहेरचं. "त्याला वाटतं, वर अजून तीच आहे रहाटावर. आता उद्यापर्यंत गप्प राहील."

"तुम्ही रोज हे करता?"

"रोज. नाहीतर आशा सोडेल बिचारा."

"बाबा, आत कोण आहे?"

"तुझ्या आईचा नवरा." वरच्या मजल्यावर कोण राहतं ते सांगावं तसे ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी तुझा बाप." त्यांनी माझ्या कपाळावरची बट कानामागे सारली. हात कोरडा होता. दमट हवेने माझं पोलकं पाठीला चिकटलं होतं आणि तो हात पिठात घोळल्यासारखा कोरडा होता. तो लहानपणापासून तसाच होता, आणि मला तोच हात आवडत आला आहे.

"खांब तोडला तर?" मी विचारलं.

"तर तो वर येईल. आणि मी..." त्यांनी पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. "एका रहाटाला एकच दोर असतो, यिंग. एक वर आला की एक खाली. चल, मासा आणलाय. जेवलीस का?"

म्हणजे गोष्ट सरळ होती. खांब तोडायचा की ठेवायचा हे माझ्या हातात होतं, आणि माझ्या बापाचं काय होणार हे त्यावर होतं.

आई त्या दिवसापासून बदलली. झोपेना. जेवताना मध्येच चॉपस्टिक खाली ठेवायची आणि फरशीला कान देऊन बसायची. आम्ही सतराव्या मजल्यावर राहतो. तिथे काय ऐकू येणार? पण तिला येत होतं. बाबा पलीकडे ओट्यावर आलं चिरत असायचे, हलक्या हाताने, एकसारखं.

"तोड तो खांब," ती मला म्हणायची. "माणूस आहे तो."

"तुला मारणारा माणूस."

"मारणारा असला तरी. मार खाल्लेला मी मोजला, त्याने आत इतकी वर्षं खाल्लेला कोण मोजणार?"

"आई, तुला चाळीस वर्षं झोप लागली. याच माणसाच्या शेजारी. आता कुठला पुळका आलाय?"

मला बोलायचं नव्हतं, पण तोंड तिचंच घेतलंय ना मी. थांबता येत नाही.

"तो तुझा नवरा असेल. माझा कुणी नाही. माझा बाप आत नाही, ओट्यापाशी आहे."

बैठकीत मी सांगितलं की खांबातून पाणी मुरतंय, तोडला तर छताला धोका, तेव्हा राहू द्या. इंजिनियर सुटकेचा श्वास टाकून चहा प्यायला गेले. उलट मी तो आणखी जाड करवला. जुन्या टाइलींवरून जाळी, जाळीवर नवा थर, त्यावर नव्या जांभळ्या टाइली. लिफ्ट पलीकडच्या कोपऱ्यात ढकलली. खुर्चीवाल्या माणसांना आता लांबून यावं लागतं. येऊ देत. चूक केली असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही.

आईला सांगितलं त्या दिवशी असाच पाऊस होता. काळा इशारा लागलेला, उतारावरून पाणी लोंढ्याने वाहत होतं. तिने ऐकून घेतलं आणि उठली.

"मग मीच काढते त्याला."

"कशाने? रहाट कुठे आहे आता?"

"नावाने. ज्या हाकेने हा वर आला, त्याच हाकेने तो येईल." ती चपला घालत होती. "खांबाला तोंड लावून पूर्ण नाव घेते. खोटं नाही, रेड्या नाही. खरं."

"आणि बाबांचं काय?"

"बापाची लाडकी," ती म्हणाली. दारात वळून मला एकदा नखशिखांत न्याहाळलं. "भात झाकून ठेवलाय. गिळून घे, भवाने."

ते तिचं मला शेवटचं बोलणं. पण तेव्हा मला ते कुठे ठाऊक होतं? मी उठून दार अडवायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. बाबा ओट्यापाशी उभ्यानेच म्हणाले, "जाऊ दे तिला. भूक लागली की येईल." आणि मी भात वाढून घेतला.

तिने खांबापाशी काय केलं ते लो काकूंनी पाहिलं. त्यांनी मला नंतर सांगितलं, तेही मी दोनदा विचारल्यावर. आईने टाइलींना ओठ लावले आणि नवऱ्याचं पूर्ण नाव घेतलं. आतून ठोका आला नाही. हाक आली. आईचं नाव, माहेरच्या आडनावासकट. पुरुषाच्या आवाजात, रडवेल्या. 'म्हातारी शहाणी होती हो,' लो काकू म्हणाल्या, 'नेम तिला ठाऊक होते. पण तो रडत होता ना...' आईने ओ दिली.

पुढचं लो काकूंनी पाहिलं नाही. त्यांनी पाठ फिरवली होती.

दार वाजलं तेव्हा मी वाडगा धूत होते. बाहेर पावसाचा नुसता गदारोळ, खिडकीतून समोरची इमारतही दिसत नव्हती. आई दारात उभी होती. छत्री ती नेलीच नव्हती. केस विंचरल्यासारखे नीट. कापडी चपला धुऊन वाळवल्यासारख्या कोरड्या. तिने चपला सोडून ओळीत लावल्या, ज्या ती जन्मभर दारात उधळायची. माझ्याजवळ आली आणि माझा ओला हात हातात घेतला.

"यिंग," ती म्हणाली, "जेवलीस का, बाळ?"

ओट्यापाशी बाबांनी सुरी खाली ठेवली. बोटाच्या पेराने लाकडी पाटावर ठोकलं. दोनदा.

तेव्हापासून आमच्या घरात सुख नांदतंय. आवाज चढत नाही. आई सकाळी माझ्यासाठी पेज करते, संध्याकाळी दोघं एकमेकांचा हात धरून स्टेशनात जातात. शेजारणी म्हणतात, म्हातारपणी कम-तै गोड झाली. लो काकू आता खांबामागे दोन संत्री ठेवतात. मी एवढा जाड थर घातला तरी टाइलींना घाम येतोच, पूर्वीपेक्षा जास्त. आणि ठोके दोन तऱ्हेचे येतात. एक जड, दमलेला. दुसरा उतावळा, चिडका, पहिल्याचं पुरं होऊ न देता मध्येच घुसणारा. माझी आई कशी बोलायची ते ज्याला ठाऊक आहे त्याला ओळखायला वेळ लागत नाही. खाली दोघं भांडतात. मग दुपारी कुणीतरी वरून दोनदा ठोकतं आणि दोघं गप्प बसतात.

मी तिथे रोज जायचे. काम होतं म्हणून, आणि... ते असो. घरातल्या त्या गोड बाईने केस कुरवाळले की मी डोकं मागे घ्यायचे. मला माझी आई हवी होती. 'गिळ' म्हणणारी. मीच तिच्यावर नवा थर चढवला होता, आणि मलाच ती हवी होती.

परवा दुपारी टाइल बसवणारे जेवायला गेले होते. तिकिटाच्या फाटकापलीकडे आईबाबा उभे होते, शेजारी शेजारी, मला न्यायला आल्यासारखे. बाबांच्या हातात छत्री होती. मी खांबाला पाठ करून उभी होते. आणि मागून, खालून, हाक आली. पूर्ण नाव. सिन कित-यिंग. आवाज तिचाच होता. चिडलेला, घोगरा, मिरची वाटता येईल असा. त्याच्यापाठोपाठ आलं, 'बहिरी झालीस का, भवाने?'

नेम मला पाठ होते. पण तुम्हीच सांगा. आईने अशी हाक मारल्यावर कोण ओ देणार नाही?

झालं. एवढंच. आता पाऊसही ओसरलाय. तुम्ही मघापासून माझ्या केसांकडे का बघताय? हो, रस्ता मीही ओलांडला, तुमच्या मागोमागच. छत्री नव्हती माझ्याकडे. पण ते राहू द्या. बघा, तुमच्या पायाखालून काही ऐकू येतंय का, आता बडबड थांबली तर येईल. चिडकाच आहे तो ठोका, पण आईचा नाही. हा नवा आहे.

तुमचं नाव राहिलंच विचारायचं. आडनावासकट सांगा, मला पूर्ण नावं लक्षात राहतात. आणि कसली मी, इतका वेळ नुसती बोलतेय. तुम्ही जेवलात का?